धुऊन आलेला डबा

सोमवारी संध्याकाळी सुलाबाईनं नवऱ्याच्या पिशवीतून डबा काढला, कडी सरकवली, वरचं झाकण उचललं आणि डबा उजेडाकडं धरला. डबा धुतलेला होता. नुसता विसळलेला नाही, धुतलेला. तिन्ही कप्पे असे लखलखीत की त्यात बघून भांग पाडावा. मधल्या कप्प्याच्या कडेला कालवणाचा लाल ओघळ रोज वाळून बसायचा आणि रोज तो नखानं खरवडायला लागायचा, तिथंही काही नव्हतं. अठरा वर्षं हा माणूस डबा नेत होता, आणि अठरा वर्षांत त्या डब्यानं घरी काय काय आणलं नव्हतं! वाळलेली मटकी, आंबलेली आमटी, एकदा कुणाच्या तरी बढतीचा अर्धा पेढा, एकदा तर जिवंत मुंगळा, तोही असा फुगलेला की त्याला झाकणातून बाहेर काढायला दोन माणसं लागावीत. पण डबा धुऊन कधी आला नव्हता. तिनं तो नाकाजवळ नेला. आत चंदनाच्या साबणाचा वास होता. त्यांच्या घरी चंदनाचा साबण येत नव्हता.

बाहेर ओट्यावर सावळीराम बूट काढत होता. त्याच्या अंगाला नेहमीचा नकाशाच्या खोलीतला उग्र वास होता, तो ज्या कागदांवर नकाशे छापायचे त्यांच्या औषधाचा. त्र्यंबक रोडला पाटबंधारे खात्याच्या हपिसात तो नकाशे उतरवायचा. पातळ कागद अंथरून शाईनं रेघ रेघ काढत बसायचा. सुलाबाई नाशिकरोडच्या कॉलनीत सांगायची की जिल्ह्यातलं एकही धरण असं नाही जे आधी आमच्या ह्यांच्या टेबलावर भरलं नाही, आणि एकदा शाईची दौत सांडली तर खालचं गाव उठवावं लागलं होतं. लोक हसायचे, तिलाही हसवायचं असायचं. आज तिनं नुसता चहा टाकला. चहा देताना तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं. अंगठ्याला शाई होती, ती रोजच असायची. पण नखं स्वच्छ होती. खरकट्यात हात घातलेल्या माणसाची नखं अशी असतात का नसतात, हे तिला ठरवता येईना. विचारावं, तर काय विचारायचं? डबा घाण का आणला नाही, असं विचारायचं? जगात असं भांडण कोणत्या बाईनं केलं असेल? तिनं डबा मोरीवर नेला, राख घेतली आणि धुतलेला डबा पुन्हा घासला. झाकणावर भांडीबाजारातल्या माणसानं टिंबाटिंबांनी तिचं नाव कोरलेलं होतं, सौ. सुलाबाई. त्या नावावरून आज दुसऱ्या कुणाची तरी बोटं फिरली होती. नाव तिनं दोनदा घासलं.

पुरुष भांडं घासत नाही हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिनं पाहिलं होतं. नामपूरला त्यांच्या घरी बाप कोंडाजी जेवायचा, ताटातच हात धुवायचा आणि उठायचा, ताट तिथंच. कांद्याच्या दिवसांत दिवसभर गोणी उचलणारा माणूस, पण ताट उचलायला त्याच्या हातात जोर नसायचा. आई धोंडाबाई ते ताट घ्यायची, त्यातलं पाणी ओतायची, राखेनं घासायची. मग सुला दहा वर्षांची असताना बाप तिला एकदा सटाण्याच्या बाजाराला घेऊन गेला, आणि बाजार झाल्यावर एका घरी गेला. घर अक्काबाईचं. ही अक्काबाई कोण ते सुलाला आधीच माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. पुढं छप्पन साली बापानं दीक्षा घेतली, देव सोडले, जत्रा सोडली, बोकड सोडला. अक्काबाई तेवढी सुटायची राहिली. तर त्या दिवशी सुला दारात शेंगा सोलत बसली होती, आणि तिनं पाहिलं की तिचा बाप, तिचा मिशीवाला बाप, अक्काबाईच्या अंगणात उकिडवा बसून तिचा हंडा घासतोय. मन लावून. काठाच्या आतून बोट फिरवून. आणि अक्काबाई उंबऱ्यावर बसून पान खातेय आणि म्हणतेय, अजून तिथं काळं दिसतंय बघा. घरी आल्यावर आईनं भाकरी थापता थापता विचारलं होतं, "तिथं गेला होता ना? काय करत होता?" सुला म्हणाली होती, "काय नाय. बसला होता." आईनं आणखी दोन भाकरी थापल्या. मग म्हणाली, "पाणी भरून देतो म्हनं तिला." आईच्या आवाजात राग नव्हता, हाव होती. तो आवाज सुलाबाईच्या कानात अजून होता. पुरुष भांडं घासताना दिसला की ते भांडं कोणाचं हे आधी बघायचं, एवढं तिला त्या दिवसापासून पक्कं कळलं होतं. आता इथं भांडं तर तिचंच होतं. म्हणजे घासणारा पुरुष नव्हता. म्हणजे बाई होती.

आणि बाई कोण हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. दिवाळीनंतर हपिसात एक नवी बाई बदलून आली होती, चांगुणा नावाची, नकाशेच उतरवायची, सटाण्याहून. सीबीएसला बसच्या रांगेत सावळीरामनं ओळख करून दिली होती. तिशीची असेल. एक वेणी, अंगठ्याला शाई, अगदी त्याच्या अंगठ्याला होती तितकीच आणि तिथंच. हसून म्हणाली होती, "वहिनी, बरं शे ना?" आणि सुलाबाईच्या अंगावर काटा आला होता. बरं शे ना. ही तिची स्वतःची बोली. लग्न होऊन नाशिकला आली तेव्हा तीही शे म्हणायची, आणि हाच सावळीराम, सिन्नरकडचा, हसायचा. वाईट हसायचा असं नाही, पण हसायचा. मित्रांना सांगायचा, आमच्या घरात सगळं शे शे चालतं. वर्षभरात तिनं शे गिळून टाकलं. आहे म्हणायला लागली, मग नाशिकच्या बायकांसारखं बोलायला लागली, इतकं की माहेरी गेली की तिथल्या बायका तिला शहरातली म्हणून खुर्ची द्यायच्या. आणि आता ही बया सरकारी हपिसात बसून दिवसभर शे म्हणते आणि तो घरी येऊन सांगतो, चांगुणाबाईचं बोलणं मोठं गोड आहे. गोड आहे म्हणे. जे तिच्या तोंडात ओबडधोबड होतं ते दुसरीच्या तोंडात गोड झालं. सुलाबाईचं डब्याचं दुःख एकदा मिटलं असतं, पण हे शे तिच्या घशात काट्यासारखं अडकलं.

मंगळवारी डबा धुऊन आला. बुधवारी धुऊन आला. सुलाबाई दिवसभर एकटी. मुलगा औरंगाबादला होस्टेलवर, घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि चुलीपाशी ती. चांगुणेला तिनं सीबीएसला पाच मिनिटं पाहिलं होतं, पण तिच्या डोक्यात ती वाढायला लागली. सोमवारी चांगुणेची वेणी खांद्यापर्यंत होती, मंगळवारी ती कमरेपर्यंत आली. बुधवारी सकाळी तिच्या पायात पैंजण आले आणि दुपारी गंगापूर रोडला दोन खोल्यांचं बिऱ्हाड झालं, दारात तुळस नाही, गुलाब, कारण ती तसलीच. बुधवारी संध्याकाळी सुलाबाई कांदा चिरत होती तोवर चांगुणेला जुळं झालं होतं, आणि दोघांची नाकं सावळीरामसारखी फेंदारलेली. स्वतःच रचलेल्या ह्या सगळ्याचं तिला हसूही येत होतं. कांद्यानं आलेलं पाणी पुसता पुसता ती हसत होती, आणि तरी आत काहीतरी जळत होतं ते काही केल्या विझत नव्हतं. तिला चांगुणा डबा धुताना दिसायची. हपिसातल्या नळाखाली. मधल्या कप्प्यात बोट फिरवताना. तो बाजूला उभा, रुमालानं तोंड पुसत. तो काय म्हणत असेल? घरी हिला अर्धा तास लागतो ह्याला, असं म्हणत असेल? का घरी कोणी आहे हेच म्हणत नसेल?

शेजारच्या कुसाबाईपाशी तिनं विषय काढला तो जरा आडून काढला. एका बाईचा नवरा, ओळखीची आहे, त्याचा डबा आजकाल धुऊन येतो, काय असेल? कुसाबाईचा नवरा प्रेसमध्ये रात्रपाळी करायचा. ती तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"तुमचा का?"

"माझा कशाला? ओळखीची आहे एक."

"तिला म्हणावं माझ्याशी नवरा बदल. आमचा डब्यात बिड्या विझवून आणतो. परवा मी खालच्या कप्प्यात भात वाढला तर त्याचा धूर निघाला."

सुलाबाई हसली. मग कुसाबाई खडा बाजूला टाकत म्हणाली की धुऊन आलं तर दुखतं काय त्या बाईला, हात मोकळे झाले की तिचे. हात मोकळे झाले हेच तर सुलाबाईला दुखत होतं. अठरा वर्षं खरकटं काढणं हे काही सुख नव्हतं, पण ते तिचं होतं. दुपारी त्यानं काय टाकलं, काय पुसून खाल्लं, कोणत्या दिवशी घाईत जेवला आणि कोणत्या दिवशी रमतगमत, हे ती त्या वाळलेल्या खरकट्यावरून वाचायची. साहेब रागावला की भाकरीचा अर्धा तुकडा परत यायचा. तो स्वतः काही बोलायचा नाही. आता डबा मुका झाला होता, आणि ते सगळं वाचन दुसरीकडं चाललं होतं.

गुरुवारी संध्याकाळी तिनं बेत रचला. सावळीरामला वांगं चालत नाही, खाल्लं की अंगाला खाज सुटते. म्हणजे भरीत घातलं तर तो हात लावणार नाही, खाईल ती चांगुणाच. तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं की गावाकडची वांगी आली आहेत, उद्या मधल्या कप्प्यात भरीत घालते, तुम्हाला नको, पण हपिसात कुणी खाणारं असलं तर द्या. सावळीराम वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं पान खाली केलं आणि त्याच्या तोंडावर एक छोटंसं, खुशीतलं हसू आलं. "आहे की खाणारं," तो म्हणाला. "घाल. चांगलं सढळ हातानं घाल." आणि पान वर केलं. सुलाबाई तिथंच उभी राहिली. चोर पकडावा आणि चोरानं आपल्यालाच पाणी मागावं, तसं तिला झालं. इतका निर्लज्ज? मग सढळ हातानंच घालते, असं मनाशी म्हणत ती आत गेली.

शुक्रवारी पहाटे, नाशिकची जानेवारीतली थंडी, पाण्यात हात घालवत नव्हता अशा वेळी तिनं वांगी भाजली. नामपूरचं भरीत, हिरव्या मिरचीचं. मिरची दिसत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. तिनं लवंगी मिरच्या घेतल्या, पहिली मूठ, मग दुसरी. उखळात घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शेजारच्या घरात रात्रपाळीहून नुकताच येऊन पडलेला कुसाबाईचा नवरा झोपेतून उठून शिंकला आणि त्याला वाटलं कॉलनीत पोलिसांनी धूर सोडला. ती मिरच्या ठेचत होती आणि प्रत्येक दणक्याला बारीक आवाजात म्हणत होती, घे, शे म्हण, घे, म्हण शे. भरीत छान हिरवंगार दिसत होतं, वर तिनं कोथिंबीर पेरली, शेंगदाणे घातले. इतकं सुंदर भरीत तिनं स्वतःच्या भावालाही कधी वाढलं नव्हतं. डबा त्याच्या हातात देताना तिचा हात गरम होता आणि त्याचा थंड. तो "येतो" म्हणाला, नेहमीसारखाच. ओट्यावरून उतरताना त्याची मान मागून तिला एकदम म्हातारी दिसली आणि क्षणभर तिला वाटलं, हाक मारावी. मारली नाही.

आणि मग तिला घरात बसवेना. अकराला तिनं चांगली साडी नेसली, कुलूप लावलं आणि बस धरली. आपल्याला हे बघायचं आहे, एवढंच तिला कळत होतं. तिचं तोंड पोळलेलं बघायचं आहे. आणि तो काय करतो ते बघायचं आहे. तो धावतो का, पाणी देतो का, कसं देतो. बसमध्ये बसून तिनं पुढचं सगळं ठरवलं: मुलाला पत्र, नामपूरला भावाकडं ट्रंक, आणि भाऊ विचारेल तेव्हा काय सांगायचं. डबा धुऊन यायचा म्हणून सोडून आले? त्यावर भाऊ काय म्हणेल ते ती ऐकत राहिली आणि सीबीएस कधी आलं ते तिला कळलं नाही. तिथून ती त्र्यंबक रोडला चालत निघाली. आई सटाण्याला कधी गेली नव्हती. आयुष्यभर ऐकलं, पण जाऊन पाहिलं नाही. तिला पहिल्यांदा वाटलं की आई घाबरत नव्हती, शहाणी होती.

हपिसाच्या पुढच्या दारानं जायचा धीर झाला नाही. ती मागून गेली. मागं मोकळं आवार होतं, तिथं कुठल्यातरी धरणाचा जुना लोखंडी दरवाजा गंजत आडवा टेकवून ठेवलेला होता, दोन माणसं उंच. त्याच्या पलीकडं नळ होता. सुलाबाई त्या दरवाजाआड उभी राहिली. ज्याच्यामागं अख्खा तलाव थांबायचा त्याच्यामागं आता ती एकटी थांबली होती, आणि छाती अशी धडधडत होती की गंजाचे पापुद्रे खाली पडत होते. कडेला एक भोक होतं. तिनं डोळा लावला.

सावळीराम नळापाशी उकिडवा बसला होता. धोतराऐवजी पँट होती म्हणून त्याला नीट बसता येत नव्हतं, गुडघे कानाला लागत होते. त्याच्या हातात खालचा कप्पा होता आणि तो नारळाच्या शेंडीनं तो घासत होता. स्वतः. काठाच्या आतून बोट फिरवून. शेजारी दगडावर चंदनाच्या साबणाची झिजलेली वडी होती, तिचाच फेस हातावर घेऊन चांगुणा थोडी पलीकडं अंगठ्याची शाई धूत होती, पाठ करून. तिचा स्वतःचा डबा बाजूला बांधलेला होता. आणि पायरीवर एक तिसरा माणूस बसला होता. पन्नाशीचा, वाळलेला, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. हा गोटीराम, नकाशे छापणारा, हे तिला जरा वेळानं हाकेवरून कळलं. सावळीरामच्या तोंडून नाव ऐकलेलं, पाहिलेला नव्हता. त्याच्या मांडीवर मधला कप्पा होता. त्याचं तोंड लाल झालं होतं, कान लाल झाले होते, डोळ्यांतून धार लागलेली, नाक तो बाहीनं पुसत होता, आणि भाकरीच्या तुकड्यानं कप्प्याच्या तळाचं भरीत निपटून खात होता.

चांगुणा त्याला गुळाचा खडा देत म्हणाली की भाऊ, बस करा आता, आतडी जळतील. सावळीराम घासता घासता थांबला. "गोट्या, ऐक ना. टाकून दे राहिलेलं."

"टाकायचं नाय," गोटीराम म्हणाला. त्याला धाप लागली होती. "पहाटे उठून केलंय मानसानं."

मग त्यानं शेवटचा घास तोंडात घातला, डोळे मिटले, गिळला. गूळ चघळत थोडा वेळ बसला. आणि म्हणाला, "वहिनीला बोलू नको हां काही. कशात तरी जीव लागला नसंल आज तिचा. चांगलं झालं होतं म्हनून सांग." त्यानं रिकामा कप्पा सावळीरामकडं दिला, सावळीरामनं तो घेतला आणि नळाखाली धरला. पाणी बर्फासारखं असणार. त्याची बोटं पांढरी पडली होती.

सुलाबाई कशी परत आली ते तिला आठवत नाही. बसमध्ये कुणीतरी जागा दिली. तिच्या हातांना अजून मिरचीचा वास होता आणि बोटं जळत होती. सकाळपासून जळत असतील, तिला आत्ता कळलं. मनात जिचं तोंड तिनं हजारदा पोळलं होतं तिच्याऐवजी ते लाल कान पुन्हा पुन्हा येत होते. आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे तिला हायसं वाटत नव्हतं. बाई नव्हती, संपलं होतं, तरी आतलं जळणं थांबत नव्हतं, फक्त त्याला जायला वाट उरली नव्हती. मग तो का धुतो? कुणासाठी?

संध्याकाळी डबा धुऊन आला. तिनं तो उघडला नाही, मध्ये ठेवला आणि समोर बसली. भरीत कसं झालं होतं, तिनं विचारलं. चांगलं होतं म्हणाला गोटीराम, असं तो म्हणाला, खाली बघून. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. मग तिनं विचारलं, डबा कोण धुतं?

"मी," सावळीराम म्हणाला.

आणि जसा तो नकाशा उतरवायचा तसा, एकेक रेघ करत त्यानं सांगितलं. गोटीरामची बायको गोजराबाई पावसाळ्यात गेली. दुपारी गेली, काम करता करता. त्याला हपिसातून उठवून नेलं, डबा पिशवीत तसाच, पिशवी घरी खुंटीला. पाहुणे आले, सगळं झालं, पाहुणे गेले. मग वास यायला लागला. त्यानं पिशवी काढली, डबा उघडला. आत तिनं केलेली शेवटची भाजी, त्यानं अर्धी टाकलेली, वाळून दगड झालेली, वर बुरशी. टाकवेना, पण काय करणार. मोरीवर घेऊन बसला. एका डब्याला त्याला सकाळची दुपार झाली. तेव्हा त्याला कळलं म्हणे, हे ती रोज करत होती. सव्वीस वर्षं. कधी बोलली नाही आणि त्यानं कधी पाण्याचा एक घोट त्यात फिरवला नाही. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. सोमवारी सावळीराम जेवून डब्याला कडी लावत होता, तर गोटीरामनं झाकणावर हात ठेवला आणि म्हणाला, थांब. एवढंच. मग बाकीचं सांगितलं.

सुलाबाईनं डबा पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलं?"

"काय सांगणार? आजपासून धुतो म्हटलं, की इतकी वर्षं नाही धुतला तेही आलंच." त्यानं नाकावरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लाज वाटली."

ती उठली आणि भाकरी टाकायला गेली. पिठात हात घालताना तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते वेगळंच. आली ती पुन्हा तीच जळजळ, आणि ह्या वेळी गोजराबाईची. जिला कधी पाहिलं नाही, जी गेली, तिचा हेवा वाटावा? पण वाटत होता. एक माणूस तिच्या खरकट्यापाशी अर्धा दिवस बसला होता. माझा डबा धुऊन यावा म्हणून दुसऱ्या एका बाईला मरावं लागलं. मी जिवंत अठरा वर्षं समोर होते, नखं मोडून घेत होते, ते ह्याला दिसलं नाही; मेलेलीचं दिसलं. हे सगळं खरं होतं. आणि हेही खरं होतं की त्याला निदान ते दिसलं, शेजाऱ्याचं घर बघून का होईना; आणि ती मात्र पहाटे उठून दोन मुठी मिरच्या ठेचत होती तेव्हा खाणारा कोण, त्याच्या घरी कोणी आहे का, त्याला शेवटचं गरम कधी मिळालं, ह्यातलं काही तिच्या मनात आलं नव्हतं. तिच्या मनात एकच जीभ होती. जगात दुसऱ्या जिभाही आहेत हे तिला त्या नळापाशी कळलं, आणि त्या जिभेनं पोळलेली असताना तिला सांभाळून घेतलं होतं.

दोन दिवस तिनं ते तसंच ठेवलं. ह्या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. गोटीराम बोलणार नव्हता, सावळीराम बोलणार नव्हता, आणि त्याला तर वाटत होतं की मिरची घालताना तिचा हात चुकला. गप्प बसली असती तर ती चांगली वहिनी राहिली असती. तेच तिला खपेना. रविवारी सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, मला गोटीरामभाऊजींकडं घेऊन चला.

पंचवटीत कारंज्याच्या मागं एका माडीवर त्याची खोली होती. त्यानं घाईघाईनं सतरंजी अंथरली, स्टोव्ह पेटवला, चहा केला, कपांच्या कानांना हात लावून पाहिलं की नीट आहेत ना. खोली स्वच्छ होती, एकट्या माणसाची असते तशी, जास्तच. सुलाबाईनं कप हातात घेतला आणि पिण्याआधीच बोलली, कारण पिऊन झाल्यावर बोलता आलं नसतं.

"भाऊजी, शुक्रवारची मिरची चुकून पडली नव्हती. मी घातली होती."

सावळीरामचा कप बशीवर वाजला. ती त्याच्याकडं न बघता बोलत राहिली. सगळं सांगितलं, डबा, साबण, चांगुणा. जुळं तेवढं सांगितलं नाही. धरणाच्या दरवाजाआड उभी राहिले होते तेही सांगितलं. तुम्हाला गिळताना पाहिलं, म्हणाली. ते तुमच्यासाठी नव्हतं, आणि कुणासाठीच असायला नको होतं. बोलताना तिच्या तोंडून मध्येच शे निघून गेलं, तिनं ते सावरलं नाही. सावळीरामनं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं, हसला नाही.

गोटीरामनं वाकून स्टोव्ह विझवला. त्याचा खालचा ओठ हलला. सुलाबाईला वाटलं हा आता रडतो, आणि आपण इथं येऊन मोठी चूक केली. पण तो म्हणाला, "आमच्या हिनं एरंडेल घातलं होतं."

कुणाला काही कळलं नाही.

"डाळीत. मी तेव्हा साइटवर होतो, वणीकडं. खडी फोडायला बाया असायच्या. एकीनं माझा सदरा शिवून दिला, बटण तुटलं होतं. हिनं घरी टाका ओळखला. दुसऱ्या दिवशी डब्यात एरंडेल." तो आता हसायला लागला होता, आवाज न करता, खांद्यांनी. "खडीवाली जेवते माझ्या डब्यात असं वाटलं तिला. कोन जेवतं! मीच खाल्लं सगळं. तीन दिवस मी धरनावर गेलो नाय वहिनी, धरनच माझ्याकडं येत होतं."

सावळीरामला ठसका लागला. गोटीरामनं डोळे पुसले, आणि मग पुसायचे थांबेनात, आणि हसणंही थांबेना, दोन्ही एकदम चाललं होतं. मरेपर्यंत कबूल नाय केलं तिनं, तो म्हणाला. मी विचारलंही नाय. मला वाटायचं, विचारलं तर ती लाजंल.

सुलाबाई त्या रिकाम्या स्वच्छ खोलीत बसली होती. तिनं गोजराबाईला कधी पाहिलं नव्हतं, आणि आता ती तिला अगदी नीट दिसली: पहाटेची, केस न विंचरलेली, एका हातात पळी, दुसऱ्या हातात एरंडेलाची बाटली, छातीत आग, डाळीवर ओणवी झालेली. तिचा हेवा करावा असं त्यात काही नव्हतं. हातभर सरकून तिला चुलीपुढं जागा द्यावीशी वाटत होती.

"किती घातलं होतं हो तिनं?" सुलाबाईनं विचारलं.

"पळीभर."

"पळीभरच?" सुलाबाई म्हणाली. "फार जीव होता बघा तिचा तुमच्यावर."